दगडांखालची शेगडी

ऑगस्टअखेर

प्रिय डेल,

तुझं पत्र मिळालं. सौनाच्या, वाफेच्या त्या न्हाणीच्या, भिंती उभ्या राहिल्या, छप्परही चढलं, हे वाचून बरं वाटलं. तुझ्या मार्सीने पाठवलेला फोटो मी फ्रिजवर लावला आहे. त्यात तुमची लीसा दाराच्या चौकटीत उभी आहे आणि दार अजून बसायचं आहे. बाबांनी शेगडीच्या झाकणावर दगड मावावेत म्हणून जो कठडा जोडला होता, तो किती उंच होता आणि त्याचं वेल्डिंग आतून होतं की बाहेरून, असं तू विचारलं आहेस. थंडी पडायच्या आत बाबांनी दिलेली शेगडी तुला नव्या सौनात बसवायची आहे, वर तळ्याकाठचे दगड रचायचे आहेत आणि तापलेल्या दगडांवर वाफेचं पहिलं पाणी लीसाच्या हातून टाकायचं आहे. आपल्याकडे पहिलं पाणी घरातल्या सगळ्यांत धाकट्याचं, हे तू विसरला नाहीस. त्याच्या खाली तू आणखी एक वाक्य लिहिलं आहेस. त्याचं उत्तर मी शेवटी देईन.

फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. तू "हो आई" म्हणतोस, मी "बरं" म्हणते, मग हवामानाचं बोलतो आणि फोन ठेवतो. म्हणून लिहिते आहे. मला जे माहीत आहे ते सगळं क्रमाने लिहिते. तोवर त्या शेगडीला हात लावू नकोस. आहे तिथेच राहू दे.

सुरुवात तुला अर्धीच माहीत आहे, कारण त्या वर्षी तू नुकताच लग्न करून दुलूथ शहराच्या पलीकडे राहायला गेला होतास. घरात जाळायचं तेल एकाएकी महाग झालं तो हिवाळा. बाबांच्या गॅरेजमागे लाकूड वाहणाऱ्या ट्रकमधून काढलेल्या जळक्या ऑइलची पिंपं रांगेने उभी होती. उन्हाळ्यात धूळ बसावी म्हणून गावचे लोक ते नेऊन कच्च्या रस्त्यावर शिंपडत. एक दिवस बाबा जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "एल्मा, आपण ऊब रस्त्यावर ओततोय आणि घरात कुडकुडत बसलोय." मी म्हटलं, "सूप गार होतंय." पण मला कळलं की आता हे त्यांच्या डोक्यातून जायचं नाही.

शाळेतल्या न्हाणीघरातले दोन मोठे गिझर बदलले होते. मी तिथे ऑफिसात होते म्हणून त्यांच्या टाक्या आपल्याला मिळाल्या. बाबांनी आणि शेजारच्या रेइनोने त्या गॅरेजमध्ये आडव्या टाकल्या, कापल्या आणि एका आठवड्यात दोन शेगड्या केल्या, एक आपल्याला आणि एक तुला. दोन्ही हुबेहूब सारख्या. वर पाव इंच जाड पत्र्याचं झाकण कडेने वेल्ड केलेलं. आत तळाला ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, तोच तेल जळायचा वाडगा. त्याच्यावर वरून सोडलेला एक पाइप, त्याला खालच्या अंगाला हवेसाठी भोकं पाडलेली. बाहेर भिंतीवर उंच तेलाची टाकी, तिथून तांब्याची नळी आत यायची, मध्ये एक कॉक. कॉक जरासा उघडला की थेंब थेंब ऑइल ड्रममध्ये पडायचं. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी पेटवून आत टाकायची आणि थांबायचं.

पहिल्यांदा पेटवली तेव्हा मीही गॅरेजमध्ये होते. आधी नुसता काळा धूर झाला, माझ्या धुतलेल्या पडद्यांचं काय होणार ते मला दिसलं. मग ड्रम तापला आणि धूर आपोआप गेला. आतून एक आवाज सुरू झाला. तो आवाज तुला माहीत आहे, तुझ्याही घरात तो आहे. लांबून विमान यावं आणि येतच राहावं, पण कधी पोहोचू नये, तसा. रेइनो म्हणाला, "टाउनो, घराला पंख लाव. उद्या सकाळी एल्मा फ्लोरिडात उठेल." बाबा म्हणाले, "तुझ्या घराला लावतो. तुझी बायको तरी सुटेल." दोघंही काळेकुट्ट झाले होते आणि दात तेवढे पांढरे दिसत होते. तुझे बाबा इतके खूश असलेले मी फार वेळा पाहिले नाहीत.

घर गरम झालं हे खरंच. पण ती शेगडी लाकडाच्या चुलीसारखी नव्हती. लाकडाची चूल आपल्याला सोबत करते, हिची मात्र आपल्यालाच राखण करत बसावी लागायची. थंडीत बाहेरच्या टाकीतलं ऑइल काकवीसारखं घट्ट व्हायचं, थेंब पडायचे नाहीत, म्हणून सकाळी बाबा कॉक जास्त उघडत. मग नळी तापली की तेच ऑइल पातळ होऊन धार लागायची आणि झाकण हळूहळू लाल व्हायला लागायचं. मधोमध एक लाल डाग दिसायचा आणि तो पसरत जायचा. बाबा धावत येऊन कॉक बंद करत. ती जळत असताना आम्ही दोघांनी एकाच वेळी घराबाहेर जायचं नाही असं ठरलं होतं. म्हणजे दोन हिवाळे चर्चला आम्ही आलटून पालटून गेलो. लोकांना वाटलं आमचं भांडण झालंय.

आणि एक गोष्ट ते फार कडकपणे पाळत. शेगडीजवळ पाणी नाही. मी सवयीने कॉफीची किटली झाकणावर ठेवायची आणि ते दर वेळी ती उचलून बाजूला ठेवायचे. "एल्मा, तेलाखाली पाणी गेलं की ते तिथे उकळतं आणि वरचं जळतं तेल घेऊन बाहेर येतं. एक कप पुरे." मी म्हणायची, "किटली सांडायला मी काय लहान आहे?" ते म्हणायचे, "सांडायला वय लागत नाही." पिंपांच्या बाबतीतही तसंच. पावसाचं पाणी आत गेलेलं असतं म्हणून ते पिंपं कितीतरी दिवस न हलवता ठेवत, मग तळाशी बसलेलं पाणी काढून टाकत आणि मगच ऑइल टाकीत भरत. थोडं पाणी राहिलंच तर शेगडी खोकायची. तो एकसारखा आवाज मध्येच तुटायचा, घसा खाकरल्यासारखा धप्प व्हायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. खोकली की बाबा हातातलं काम टाकून उठत. दोन हिवाळ्यांत ती चार-दोनदाच खोकली असेल.

मग गेल्या वर्षी पानगळीत आपल्या सौनातली तुझ्या आजोबांची चूल तळातून जळून फुटली. नवी आणता आली असती. बाबा म्हणाले, घरातली शेगडी सौनात नेतो, घरासाठी वसंतात याहून मोठी करतो, तोवर आपण स्वयंपाकघरातल्या चुलीत लाकूड जाळू. त्यांचे गुडघे आता लाकूड फोडू देत नव्हते, आणि सौनाला लाकूड फार लागतं. शिवाय तुम्ही ख्रिसमसला येणार होता. लीसा पहिल्यांदाच आपल्या सौनात बसणार होती.

झाकणावर दगड टेकावेत म्हणून त्यांनी कडेने तो कठडा जोडला, ज्याबद्दल तू विचारतो आहेस. हाताच्या चार बोटांएवढा उंच आणि बाहेरून वेल्ड केलेला. मी तिथेच उभी होते. मी विचारलं, "दगडांवर पाणी टाकायचं. मग खाली जळतं तेल आहे त्याचं काय?" त्यांनी वेल्डिंगच्या मुखवट्याची काच वर केली आणि झाकणावर हातोडीने ठक ठक वाजवून दाखवलं. "मध्ये एवढं लोखंड आहे. पाणी वर, तेल खाली. दोघांची ओळखसुद्धा व्हायची नाही." रेइनो दारात होता. तो म्हणाला, "एकाच घरात राहून ओळख होत नाही असं मी फक्त माझ्या मेव्हण्यांचं पाहिलंय." आम्ही हसलो.

मी यावर खूप विचार केला आहे. माझी किटली शंभर वेळा उचलणारा माणूस. पण डेल, आपल्या लोकांचं असं आहे की कशावरही दगड रचले की आपल्याला त्याखाली काय आहे ते दिसत नाही. दगड तापले की हात आपोआप ओगराळ्याकडे जातो. तुझ्या आजोबांनी केलं, बाबांनी केलं, तू चालायच्या आधी केलंस. घरात ती त्यांना तेलाची शेगडी दिसायची. तिथे त्यांना ती सौनाची चूल दिसली. इतकंच.

नोव्हेंबरपासून ती सौनात खोकायला लागली. पहिल्या शनिवारी वाफ छान आली, बाबा वरच्या बाकावर पाय पसरून बसले होते. मी पाणी टाकलं, दगड फुसफुसले आणि थोड्या वेळाने खालून धप्प. बाबा म्हणाले, "पिंपात पाणी राहिलं असणार." दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी पूर्ण रिकामी केली आणि जुनं, महिनोन्‌महिने बसलेलं ऑइल भरलं. पुढच्या शनिवारी पुन्हा धप्प, आणि या खेपेला हवेच्या भोकांतून एक केशरी जीभ बाहेर येऊन आत गेली. त्यांनी नळी उतरवून साफ केली, कॉक बदलला. रेइनो म्हणाला, "सर्दी झालीय तिला. सौनात बसव." "सौनातच तर बसलीय," बाबा म्हणाले, पण हसले नाहीत. ते सगळं तपासत होते. पिंप, टाकी, नळी, कॉक. पाणी तेलातूनच येणार, दुसरीकडून कुठून येणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यानंतर मी दोन शनिवार घरीच आंघोळ केली. मला तो खोकला आवडत नव्हता. त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, लीसा यायच्या आत मी तिला बरी करतो.

लीसासाठी त्यांनी एक छोटं ओगराळं केलं होतं. उरलेल्या तांब्याच्या पत्र्याची वाटी ठोकून ठोकून केली, तिला बर्चच्या लाकडाचा दांडा लावला आणि वाटीच्या तळाला एल अक्षर कोरलं. चहाच्या कपाएवढंही पाणी मावत नव्हतं त्यात. मी म्हटलं, एवढ्याशा पाण्याने काय वाफ होणार? ते म्हणाले, "तिचा हात केवढा! हिचं एक आणि माझं एक, असं टाकू."

ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सकाळपासून सरोवराकडून बर्फ येत होता. बाबांनी पहाटेच शेगडी पेटवली, दुपारी तुम्ही याल तेव्हा दगड पूर्ण तापलेले हवेत म्हणून. थंडी इतकी होती की कॉक बराच उघडावा लागला. मग तुझा फोन आला की रस्ता बंद केलाय, तुम्ही अर्ध्यातून परत फिरलात. फोन त्यांनीच घेतला होता. "शहाणपण केलंस," म्हणाले, "बर्फ कुठे जात नाही, आपणही कुठे जात नाही." फोन ठेवून ते खिडकीशी उभे राहिले. मी सलगमची साल काढत होते. मी म्हटलं, आज राहू दे सौना. ते म्हणाले, "दगड तापलेत, वाया कशाला घालवायचे?" टॉवेल घेतला आणि गेले. उजेड होता अजून. ते बर्फातून जाताना मला पाठमोरे दिसत होते, आणि मी साल काढत राहिले.

मी तो खोकला घरातून ऐकला. स्वयंपाकघराच्या काचा थरथरल्या. पुढचं तुला ठाऊक आहे. रेइनो ट्रॅक्टर घेऊन आला, कपडे बदलायची बाहेरची खोली तेवढी वाचली. बंबवाल्यांनी सांगितलं की बाहेरच्या टाकीतून तेल गळून पेट घेतला असावा. तुला मी तेच सांगितलं, कारण तेव्हा मला तेवढंच माहीत होतं.

मे महिन्यात बर्फ वितळल्यावर रेइनो तिथली राख उपसायला आला. मी बोलावलं नव्हतं, आपणहून आला. दुपारी त्याने मला हाक मारली आणि झाकण दाखवलं. टाकी गळली नव्हती, ती भिंतीबाहेर शाबूत होती आणि निम्मी भरलेली होती. झाकणाची मूळची वेल्डिंगची कड मात्र हातभर लांब उघडली होती. रेइनोने नखाने खरवडून दाखवलं. त्या फटीच्या आतल्या बाजूला पांढरे ओघळ होते, आपल्या विहिरीच्या पाण्याचा जो थर किटलीत बसतो तोच. एकावर एक बसलेले. एका दिवसाचे नव्हते ते. तापलेल्या लोखंडावर दर शनिवारी गार पाणी पडून कड तडकत गेली होती. कठडा नसता तर पाणी बाजूने ओघळून जमिनीवर गेलं असतं. कठड्यामुळे ते ताटात साचावं तसं झाकणावर साचलं आणि फटीतून खाली, जळत्या ड्रममध्ये गेलं. रेइनोने झाकण खाली ठेवलं. मग म्हणाला, "एल्मा, मी मेव्हण्यांचा विनोद केला होता त्या दिवशी." मी त्याला आत नेऊन कॉफी दिली.

तुझी शेगडी त्याच आठवड्यातली आहे, त्याच पत्र्याची, त्याच हाताची. घरात नुसती जळत होती तोवर ती चालली, पण आता मला तीही नको वाटते. तिचा आवाज सुरू झाला की बाबा खोलीत आहेत असं वाटतं, असं तू लिहिलं आहेस. मला समजतं. मलाही इथे शांततेची सवय झालेली नाही. पण तो आवाज त्यांचा नाही, डेल. मी दोन हिवाळे तो ऐकत बसले आहे आणि तेही तो ऐकतच बसायचे.

आता तुझ्या त्या वाक्याचं. तू लिहिलं आहेस, "त्या दिवशी आम्ही मागे फिरलो नसतो, तर बाबा एकटे आत गेले नसते." गेले आठ महिने तू हे मनात धरून बसला आहेस, हे मला फोनवर कधी कळलं नाही. तर ऐक. कॉफी पिऊन झाल्यावर रेइनोने कोटाच्या खिशातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. तांब्याची वाटी होती, दांडा जळून गेलेला, तळाला एल. ती त्याला शेगडीसमोर सापडली होती. आपलं मोठं ओगराळं बाहेरच्या खोलीत खुंटीवर होतं, त्याला धगसुद्धा लागलेली नाही, आजही ते तिथेच आहे. तू सैन्यात होतास तेव्हा बाबा दर शनिवारी पहिलं पाणी तुझ्या नावाने टाकायचे, हे तुला मी सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी लीसाच्या नावाने टाकलं, तिच्या ओगराळ्याने, आणि तेही वरच्या बाकावरून नाही. रेइनोला ते खालच्या बाकाशी सापडले, शेगडीच्या अगदी पुढ्यात, जिथे मोठं माणूस कोणी बसत नाही, जिथे लहान मुलांना बसवतात. रस्ता उघडा असता तर तिथे कोण बसलं असतं, हे मी तुला सांगायला नको. म्हणून हे पत्र. तू मागे फिरलास ते शहाणपण केलंस, असं बाबा तुला फोनवर म्हणाले होते. त्यांचं ते तेवढं वाक्य धरून ठेव, तुझं सोडून दे. ती शेगडी काप आणि सौनात लाकडाची चूल बसव. ती वाटी मी घासून ठेवली आहे, रेइनो तिला नवा दांडा लावून देणार आहे. चूल बसली की कळव, मी घेऊन येईन. आल्यावर आधी मला दगड उचलून खाली काय आहे ते बघू दे, मग लीसाला पाणी टाकू दे.

तुझीच,
आई